तुमचे प्रश्न : घुमट हाताला कळतं, मग क्लासमधलं डोक्याला का नाही?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी डिचोली तालुक्यातल्या एका गावातली, यंदा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, मेजर, म्हणजे मुख्य विषय, फिजिक्स. पत्र लांबणार आहे पण कुणाला तरी सगळं सांगायचंच होतं म्हणून लिहिते.

रोज सकाळी साडेसहाची कदंब बस पकडून कॉलेजला जाते. पहिला तास मेकॅनिक्सचा. सर चांगले आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार अजिबात नाही, ते बोर्डभर डेरिव्हेशन लिहितात आणि मी सगळं नीट उतरवून घेते, माझी वही बघितली तर कुणीही म्हणेल केवढी हुशार मुलगी, पण घरी येऊन तीच वही उघडली की वाटतं हे दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय. बारावीपर्यंत न्यूमेरिकल फॉर्म्युल्यात घातलं की उत्तर यायचं, इथे फॉर्म्युला आला कुठून तेच विचारतात, आणि सगळीकडे कॅल्क्युलस. पहिल्या आयएसएला, म्हणजे सेमिस्टरमधल्या चाचणीला, अर्ध्यापेक्षा कमी मार्क पडले. असं आधी कधीच झालं नव्हतं.

प्रॅक्टिकलचंही तसंच. बार पेंडुलमवरून ‘जी’ (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) काढायचा होता, माझा ९.५ आला. बाजूच्या मुलींनी रीडिंग थोडी इकडेतिकडे करून ९.८ आणला आणि जर्नलवर सही घेऊन गेल्या, मी मात्र बसून राहिले कारण खोटं लिहायचं जिवावर आलं आणि खरं काय चुकलंय ते कळेना.

आता दुसरी गोष्ट. मी घुमट वाजवते, आपलं गोव्याचं मातीचं, चामड्याने मढवलेलं वाद्य. आमचे आजोबा वाड्यावरच्या आरत्यांना वाजवायचे, मी सात वर्षांची असताना त्यांनी माझ्या हातात कासाळं (झांजा) दिलं, बारा वर्षांची झाले तेव्हा घुमट दिलं. आता आमचं मुलींचं पथक आहे, चवथीत (गणेशचतुर्थीत) घरोघरी जातो, स्पर्धांनाही जातो. घुमट मला कधी शिकावंच लागलं नाही, आपोआप आलं. बसमध्ये बॅगेवर बोटं चालू असतात, क्लासमध्ये पण डोक्यात तेच. बाबा म्हणतात घुमट चवथीपुरतं ठेव, आता करिअर बघ. मैत्रीण म्हणते जे आपोआप येतं तेच आपलं, फिजिक्स सोड. मी काय करू? मेजर बदलू का? का परीक्षा होईपर्यंत घुमट बंद ठेवू? आणि खरं सांगा, मी फिजिक्सच्या लायकीची नाही असं आहे का?

उत्तर : बाय, तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर अडकले. घुमट आपोआप आलं म्हणतेस. पण त्याच्या जरा आधी तूच लिहिलंयस की सात वर्षांची असताना कासाळं हातात आलं आणि बाराव्या वर्षी घुमट. म्हणजे मधली पाच वर्षं तू त्या खोलीत बसून होतीस. पाच चवथी, प्रत्येक चवथीत कितीतरी घरं, प्रत्येक घरी कितीतरी आरत्या, आणि तुझ्याकडे काम एकच, कासाळं वेळेवर पडलं पाहिजे. तेवढ्यात कान तयार झाला. तुला ते शिकणं वाटलं नाही कारण माटोळीखाली (गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या छताखाली) बसून, समोर करंज्या-नेवऱ्या, बाजूला आजोबा, त्याला शिकणं कोण म्हणेल? पण शिकणंच होतं ते, आणि फार कडक शिकणं होतं.

आता फिजिक्स. कॉलेजच्या पातळीवरचं फिजिक्स तू केलंयस जेमतेम एक सेमिस्टर, आणि तुलना करतेयस कशाशी तर दहा-अकरा वर्षांच्या कानाशी. मी तीसेक वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, गोव्यातच, आणि पहिल्या वर्षाला हे असं होणाऱ्या मुली दर वर्गात असायच्या, त्यातल्या कितीतरी पुढे उत्तम शिकल्या. तेव्हा लायकीचा विषय डोक्यातून काढून टाक, एका सेमिस्टरवर लायकी ठरत नसते.

पण एक फरक मात्र आहे आणि तो नीट समजून घे, कारण गाडी अडलीय ती तिथेच. आरतीत तुझं कासाळं चुकलं तर त्याच क्षणी कळायचं. शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चामड्याचं वाद्य) वाजवणारा मान वर करून बघायचा, आजोबा डोळ्याने खुणवायचे, पुढच्या आवर्तनात तू सावरायचीस. वहीत चूक झाली तर वही गप्प बसते. ती चूक आयएसएच्या पेपरपर्यंत तशीच झोपून राहते आणि मग एकदम उठते. म्हणून तुला चूक लवकर वाजेल अशी सोय करायची आहे. सकाळी उतरवलेलं डेरिव्हेशन त्याच दिवशी संध्याकाळी वही बंद करून कोऱ्या कागदावर लिहायला बस. अडशील, बहुतेक तिसऱ्या-चौथ्या ओळीलाच अडशील, अडू दे. जिथे अडलीस तिथे पेन्सिलने रेघ मार, वही उघडून तेवढीच एक ओळ बघ, परत बंद. आणि दुसऱ्या दिवशी सरांकडे जाताना ‘सर मला कळलं नाही’ असं म्हणू नकोस, ‘सर या ओळीवरून या ओळीवर कसे आलो’ असं विचार. असा प्रश्न घेऊन कुणी आलं की मी तर चहा टाकून उठायची. आणि कॅल्क्युलस कच्चं असेल तर ते आधी बघ, पुष्कळदा मुलांना वाटतं फिजिक्स कळत नाही आणि खरं तर अडलेलं असतं साधं इंटिग्रेशन.

तुझ्या ९.५ बद्दल बोलायलाच पाहिजे, पत्रातली ती गोष्ट मला सगळ्यात आवडली. तू रीडिंग बदललं नाहीस हे फार मोठं आहे. आता ते ९.५ आलं कुठून ते शोध. किती झोका दिला होतास? पेंडुलमचा फॉर्म्युला लहान झोक्यासाठी आहे, बाजूला ३० अंश ओढून सोडलंस तर पिरिअड (एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ) साधारण पावणेदोन टक्के वाढतो, आणि ‘जी’ काढताना पिरिअडचा वर्ग येतो, म्हणजे उत्तर साडेतीन टक्क्यांनी खाली, ९.८ चं ९.४७ च्या आसपास. बघ, किती जवळ आलं! कदाचित तुझं कारण दुसरंही असेल, लांबी मोजताना चूक असेल, स्टॉपवॉच एक ऑसिलेशन उशिरा थांबवलं असेल. पाच अंशांचा झोका देऊन परत कर आणि दोन्ही उत्तरं जर्नलमध्ये कारणासकट लिही. ज्यांचं ९.८ आलं त्यांच्यापेक्षा तुला त्या दिवशी जास्त फिजिक्स कळलेलं असेल.

आणि आता घुमट. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं हे तुला ठाऊक असेलच, पण मला त्याच्या आत काय चाललंय ते तुला सांगायचंय. मातीचं भांडं, एका बाजूचं मोठं तोंड चामड्याने मढवलेलं, दुसऱ्या बाजूचं लहान तोंड उघडं, आणि तुझा डावा तळवा त्या उघड्या तोंडावर. थाप पडल्यावर तळवा सरकवलास की आवाज खाली घसरतो, घूंऽऽ करत. का घसरतो? भांड्यातली हवा स्वतः एक स्प्रिंग आहे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो सूर येतो तोच प्रकार, हेल्महोल्ट्झ रेझोनेटर म्हणतात त्याला. पोट मोठं तर सूर खाली, तोंड मोठं तर सूर वर. तळव्याने तोंड लहान केलंस, सूर उतरला. खऱ्या घुमटात चामडं आणि हवा एकमेकांना ओढत असतात म्हणून हिशेब इतका सरळ राहत नाही, पण मूळ हेच.

चवथ पडते पावसात, चामडं ओल धरतं, सैल होतं, आवाज बसतो. तुझ्या आजोबांनी घुमट चुलीपाशी धरून शेकलेलं तू शंभरदा बघितलं असशील. ओलं चामडं म्हणजे ताण कमी आणि वजन जास्त, दोन्हीमुळे कंपन हळू होतं. शेक दिला की पाणी उडतं, ताण परत येतो. फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती कंपनं) ताणाच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते आणि दर चौरस सेंटिमीटर वजनाच्या वर्गमुळाच्या पटीत कमी होते, हे तुला वेव्ह्जच्या चॅप्टरमध्ये येईल तेव्हा फॉर्म्युला बघून घाबरू नकोस, चूल आठव.

आणखी एक. घुमटाला तबल्यासारखी शाई, म्हणजे मधला काळा लेप, नसते. साध्या ताणलेल्या चामड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट-तिप्पट पडत नाहीत, १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वाकडेतिकडे पडतात, म्हणून त्यातून तंबोऱ्यासारखा स्वच्छ सूर ऐकू येत नाही. तबल्या-मृदंगाच्या शाईने मधलं वजन वाढतं आणि ते स्वर जवळजवळ पूर्ण पटीत येऊन बसतात. हे कुणी दाखवलं माहीत आहे? सी. व्ही. रामन यांनी, कोलकात्यात, शिवकाली कुमार यांच्याबरोबर, १९२० मध्ये. प्रकाशाच्या कामासाठी नोबेल मिळालं १९३० मध्ये, त्याच्या दहा वर्षं आधी हा माणूस मृदंगाच्या चामड्यावर काम करत होता. त्यांना कुणी म्हटलं नाही की मृदंग सणापुरता ठेवा.

तुझ्या मोबाइलवर फायफॉक्स नावाचं फुकट अॅप घाल, त्यात ऑडिओ स्पेक्ट्रम आहे, आवाजात कुठल्या फ्रिक्वेन्सी आहेत ते दाखवतो. एका रविवारी दुपारी शांत खोलीत बस, तोंड पूर्ण उघडं ठेवून दहा थापा, अर्धं झाकून दहा, चामडं शेकायच्या आधी आणि नंतर. आकडे लिहून ठेव. घरातल्या जुन्या माणसांना विचारलंस तर ती म्हणतील पूर्वीच्या घोरपडीच्या चामड्याचा आवाज बकरीच्या चामड्याला नाही. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तिचं चामडं वापरायचा प्रश्नच येत नाही आणि येऊ नये, पण मग बकरीचं चामडं किती पातळ केलं, किती ताणलं तर आवाज जवळ जाईल हा खरा प्रश्न आहे आणि तो सोडवायला फिजिक्स आणि घुमट दोन्ही येणारं माणूस लागतं. मी ओळखते अशा फार थोड्यांना.

मात्र एक सांभाळ. प्रत्येक थापेचा ग्राफ काढत बसू नकोस. आरतीला बसलीस की आरतीच वाजव. मोजणं रविवारचं, वाजवणं बाकी दिवसांचं, नाहीतर जे एक ठिकाण आहे जिथे तुला मार्कांची भीती नाही तेही अभ्यासाचं टेबल होऊन जाईल.

मेजरचं म्हणशील तर आत्ता हात लावू नकोस. नव्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या शेवटी मेजर बदलण्याची तरतूद यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ठेवलेली आहे, जागा असतील त्याप्रमाणे, तेव्हा दार बंद होत नाहीये. दुसरं सेमिस्टर वर सांगितल्यासारखं करून बघ आणि मग एप्रिलमध्ये विचार कर, ऑफिसमध्ये जाऊन नियम आधीच विचारून ठेव म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. आणखी एक तरतूद आहे, दुसऱ्या शाखेतल्या विषयाचे तीन-तीन क्रेडिटचे पेपर घ्यायचे असतात, त्यात संगीत किंवा लोककलेकडे जाणारं काही तुमच्या कॉलेजात असेल तर पुढच्या वेळी ते घे, सोपं कुठलं आणि मार्क कशात पडतात हे विचारत बसू नकोस.

घुमट बंद करायचं का? नाही. पथकाशी बोलून परीक्षेच्या महिन्यातल्या स्पर्धा सोड, त्या खरंच वेळ खातात, येण्याजाण्यातच दिवस जातो. पण आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्धा-अर्धा तास हात चालू राहू दे. आणि बाबांवर रागावू नकोस. आयएसएचे मार्क बघून ते घाबरलेत, घुमटाशी त्यांचं वैर नाही, घुमट त्यांच्याच वडिलांचं आहे. पेंडुलम परत करशील तेव्हा ९.५ आणि नवीन उत्तर दोन्ही त्यांना दाखव आणि कशामुळे फरक पडला ते मराठीत, घरच्या शब्दांत समजावून सांग. त्यांना समजलं तर तुलाही समजलेलं असेल.

घुमटाचे आकडे जमले की मला पाठव, शेकण्याआधीचे आणि नंतरचे वेगळे लिही, आणि भांड्याच्या पोटात किती पाणी मावतं ते पण मोजून कळव, चामडं भिजवू नकोस, त्याच मापाचं न मढवलेलं भांडं कुंभाराकडे मिळेल.