टस्कनीत शेतावरचं घर घ्यावं का? तुमचे प्रश्न

प्रश्न: ताई, सप्टेंबरमध्ये आठ दिवस आम्ही इटलीत टस्कनीला चाललोय. आम्ही दोघं, कॉलेजातली मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई, त्या शाकाहारी आहेत आणि गुडघे दुखतात. सॅन जिमिन्यानो, वोल्तेरा, सिएना, पिएन्झा, मोन्तेपुल्चानो, कोर्तोना सगळं यादीत आहे. मिस्टर म्हणतात दर दोन रात्रींनी हॉटेल बदलू, मी म्हणते एकाच ठिकाणी किचनवालं अपार्टमेंट घेऊ. कोणाचं बरोबर?

उत्तर: तुमचं. पण यादी मात्र तुमची चूक आहे, ती आधी कापा.

नकाशावर ही गावं एकमेकांना खेटून दिसतात, पण रस्ते सगळे डोंगराला वळसे घालत जातात. पिएन्झा ते मोन्तेपुल्चानो जेमतेम पंधराएक किलोमीटर, वीस-पंचवीस मिनिटं, हे छान. पण पिएन्झाहून सॅन जिमिन्यानो म्हणजे जाताना दीड तास, येताना दीड तास, आणि संध्याकाळी अंधारात अनोळखी वळणं. म्हणून एक बाजू निवडा. दक्षिणेला वाल दोर्चा, म्हणजे पिएन्झा, मोन्तेपुल्चानो, मोन्ताल्चिनो, शिवाय कोर्तोना तासाभराच्या आत येतं. किंवा वरची बाजू, सॅन जिमिन्यानो-वोल्तेरा. सिएना मधोमध असल्यामुळे दोन्हीकडून जमतं. मी असते तर दक्षिण घेतली असती, कारण सॅन जिमिन्यानोच्या बहात्तरपैकी उरलेले चौदा मनोरे बघायला दिवसा इतकी गर्दी असते की मान वर करायलाही जागा मिळत नाही. (तिथं रात्री राहिलात तर गोष्ट वेगळी, पण तुम्ही राहणार नाही.)

सासूबाईंसाठी पिएन्झा सगळ्यात सोपं, माथ्यावरच पण आत बऱ्यापैकी सपाट. पोप दुसरा पायस याने 1459 पासून आपलं जन्मगाव नव्याने बांधायला घेतलं, त्यामुळे चौक, चर्च, राजवाडा सगळं चार पावलांत. मोन्तेपुल्चानो मात्र खालच्या वेशीपासून वरच्या चौकापर्यंत चढच चढ, तिथं वर जाणारी छोटी बस पकडा, हट्टाने चालत जाऊ नका. सिएना आणि कोर्तोनाला पार्किंगजवळून वर नेणारे सरकते जिने आहेत, ते शोधूनच गाडी लावा.

आता घराबद्दल. शोधताना 'आग्रीतुरिस्मो' शब्द टाका. हे नुसतं फार्महाऊस नाही, इटलीच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे ती खरीखुरी चालू शेती असावी लागते, पाहुणे हा जोडधंदा. तुम्ही जाताय तेव्हा द्राक्षतोडणी असेल, म्हणजे मालक सकाळी ट्रॅक्टरवर असला तर रिसेप्शन कुठाय असं विचारू नका. बरीच घरं सीझनमध्ये शनिवार ते शनिवारच देतात, विमानाची तिकिटं काढायच्या आधी हे बघा नाहीतर एक रात्र लोंबकळाल. पोचल्यावर पासपोर्ट मागतील, पोलिसांना कळवणं त्यांना बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी माणशी दर रात्रीचा टुरिस्ट टॅक्स वेगळा द्यावा लागतो. आणि लोकेशन विचारताना 'गावापासून किती किलोमीटर' एवढ्यावर थांबू नका, 'त्यातले कच्चे किती' तेही विचारा. पांढऱ्या खडीचे ते रस्ते फोटोत सुंदर दिसतात, रोज चार वेळा त्यावरून गाडी न्यायची म्हटलं की सौंदर्य संपतं.

किचनमध्ये मोका पॉट (गॅसवर कॉफी करायचं भांडं) आणि पास्त्याचं भलं मोठं भांडं नक्की मिळेल, कुकर नाही मिळणार. छोटा कुकर चेक-इन बॅगेत टाका, मसाले न्या, पण तूप नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, मग डबा कस्टमवाल्यांच्या हातात जातो. चणे, मसूर, तांदूळ तिथं कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतात. फळभाजी घेताना प्लास्टिकचा ग्लोव्ह घालायचा, स्वतः वजन करून स्टिकर लावायचा, नाहीतर कॅशियर परत पाठवतो आणि मागची रांग तुमच्याकडे बघत बसते. गावातली दुकानं दुपारी एक ते साडेतीन-चार बंद. ब्रेडमध्ये मीठ नसतं, बिघडलाय समजून परत नेऊ नका. बाहेर खाताना सासूबाईंना 'पिची' द्या, हाताने वळलेला जाड पास्ता, बहुतेक ठिकाणी नुसतं पीठ-पाणी, वर लसूण-टोमॅटोचा सॉस. चीजचं मात्र त्यांना आधीच सांगून ठेवा, पेकोरिनो, म्हणजे तिथलं मेंढीच्या दुधाचं चीज, पारंपरिक पद्धतीत वासराच्या नाहीतर कोकराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या पाचक रसाने) लावतात. खायचं की नाही ते त्या ठरवतील.

आणखी एक, ओव्हन, वॉशिंग मशीन आणि इस्त्री एकदम लावू नका. तिथल्या घरगुती मीटरला साधारण 3 किलोवॉटचीच मर्यादा असते, फट्कन ट्रिप होतं. मेन स्विच कुठाय ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

प्रश्न: गाडी भाड्याने घ्यायचीये. भारतीय लायसन्स चालतं ना?

उत्तर: सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हवंच, इथूनच काढून न्या. पण खरा धोका झेडटीएलचा आहे, म्हणजे जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग. लाल गोल असलेली पांढरी पाटी आणि वर कॅमेरा, अडवायला माणूस कोणी नाही. मी एका गावात जीपीएस सांगतंय म्हणून आत शिरले, तीनच मिनिटांत बाहेर पण आले, काही झालं नाही म्हणून खूश, आणि घरी आल्यावर कितीतरी महिन्यांनी दंडाचं पत्र, वर भाड्याच्या गाडीवाल्यांनी माझा पत्ता पोलिसांना कळवण्याचे पैसे वेगळे कापले. गाडी वेशीबाहेरच लावा. पांढऱ्या रेघा फुकट, निळ्या पैसे भरून, पिवळ्या आपल्या नाहीत. पांढऱ्यातही पाटी वाचा, कधीकधी वेळेची मर्यादा असते.

प्रश्न: अशा जुन्या दगडी घरांत विंचू निघतात असं ऐकलंय, खरं का?

उत्तर: निघतात कधीकधी. छोटे, काळे, आपल्याकडच्या लाल विंचवासारखे जहाल नाहीत, चावलाच तर मधमाशीइतपत. रात्री बूट बाहेर ठेवले असतील तर सकाळी झटकून घाला.