कंडोमचे नाव काढताना शब्द का अडतात?

"मॅडम, मला सगळं माहीत आहे, तरी त्या वेळी कंडोमचं नाव तोंडातून निघत नाही. मी वाईट माणूस आहे का?" एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरील औषधे देणाऱ्या केंद्रात, समुपदेशन करताना एचआयव्हीसह जगणाऱ्या समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांकडून हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. त्यांपैकी एका तरुणाची हकिकत, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडते.

उपचार सुरू होऊन त्याला चार महिने झाले होते आणि गोळी तो एकदाही चुकवत नसे. पहिल्या भेटीत मी कंडोमची माहिती पुन्हा सांगत बसले. ती माझी चूक होती. पुढच्या वेळी एवढेच विचारले, "नाव काढलं तर काय होईल?" बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "त्याला कळेल."

कंडोम मागणे म्हणजे आजार कबूल करणे आणि आजार कबूल करणे म्हणजे माणूस गमावणे, अशी गाठ त्याच्या मनात बसली होती. घरात चाललेली लग्नाची बोलणी आणि भेटीआधी भीती दाबण्यासाठी घेतलेली दारू यांनी ती आणखी घट्ट झाली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ संबंधी दिलेल्या, प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे ठरवणाऱ्या निकालाचा त्याच्या घरात उच्चारही झालेला नव्हता. अपराधीपणामुळे माणूस सावध होतो असे म्हणतात, पण मला उलटेच दिसते: त्या भावनेपासून पळण्यासाठी तो पुन्हा पितो आणि पुन्हा गप्प राहतो.

"मी नेहमीच वापरतो," हे एक वाक्य आम्ही मोठ्याने म्हणून पाहिले, कारण त्यात आजाराचा उल्लेख येत नाही. ते भेट ठरवतानाच, दारूच्या आधी, सांगायचे असेही ठरले. मग मी त्याला २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर-२ अभ्यासाविषयी सांगितले: ७८२ समलिंगी जोडप्यांमध्ये, एचआयव्ही असलेल्या जोडीदाराचा व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) औषधांनी दबलेला असताना, त्याच्याकडून दुसऱ्याला एकदाही लागण झाली नाही. स्वतःला विषारी समजणारा तो मुलगा हे ऐकून रडला. त्याचा स्वतःचा व्हायरल लोडचा अहवाल यायचा होता, म्हणून तोवर कंडोम अनिवार्यच होता. आणि सिफिलिस, गनोरिया यांसारखे लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार एचआयव्हीच्या गोळ्यांनी थांबत नाहीत, हेही मी स्पष्ट केले.

सहाव्या महिन्याच्या तपासणीत विषाणू आढळला नाही. तो कागद घडी करून खिशात ठेवत त्याने विचारले, "त्याला इथे घेऊन आलो, तर तुमच्यासमोर सांगता येईल?" आम्ही पुढच्या गुरुवारची वेळ ठरवली.