उकिरड्यात खणताना मिळालेली काचेची बाटली किती जुनी, हे कसं ओळखायचं?

साच्याची उभी रेघ बघा: ती ओठाच्या खालीच, मानेवर विरली असेल तर बाटली बहुधा १९२० च्या आधीची. तेव्हा अंग साच्यात फुंकायचे आणि ओठ मागाहून हत्याराने घडवायचे, त्यात रेघ पुसली जाई. मायकेल ओवेन्स यांचं स्वयंचलित यंत्र अमेरिकेत १९०३ च्या सुमारास आलं. यंत्राच्या बाटलीवर रेघ थेट ओठावरून जाते. रेघच नसेल तर मात्र घाईने निष्कर्ष काढू नका, कारण काही बाटल्या साच्यात फिरवून गुळगुळीत करत. आणि इंग्लंडमधल्या खड्ड्यात गोटीवाली सोडा बाटली अखंड मिळाली तर जिवापाड जपा. गोटीसाठी पोरांनी त्या ढिगाने फोडल्या.