आजीच्या लुगड्यांचे काय करावे?

प्रश्न : माझ्या आजीच्या अस्थी गेल्या वर्षी रामकुंडात विसर्जित केल्या, आता वर्षश्राद्धही झाले. तिची नऊवारी लुगडी मात्र अजून ट्रंकेत आहेत. आई ती देऊन टाकू म्हणते, मला ते सोसवत नाही. काय करावे?
– एक वाचक भगिनी, पंचवटी, नाशिक

उत्तर : तुमच्या आईंना कठोर समजू नका, ती ट्रंक रोज डोळ्यांसमोर असणे त्यांनाही जड जात असेल. कोरी लुगडी गरजू बाईला अवश्य द्यावीत. पण जी नेसून, धुवून मऊ झाली आहेत, त्यांची गोधडी शिवा, कारण सुती लुगडे जितके जुने तितकी ती अंगाला मऊ लागते, आणि धावदोऱ्याने थर जोडताना काठ कडेला ठेवले, तर पांघरताना आजीचा पदर पुन्हा हाताशी येतो. शिवायला आईंबरोबर बसा. वर्षभर अडलेले बोलणे तेव्हा आपसूक निघेल. आजीच्या ओव्या एखाद्या आत्याला पाठ असतील, तर त्या आताच लिहून घ्या. पितृपक्षात तिच्या तिथीला श्राद्ध होईलच. तिथी हुकली, तर सर्वपित्री अमावास्या आहे. त्या दिवशी तिच्या आवडीचा एक पदार्थ मात्र तुम्ही स्वतःच्या हाताने करा.