क्लास न लावता चित्रकला आणि कथालेखन सुधारायचं असेल तर नेमका सराव कसा करावा?

तुमच्या प्रश्नात चार गोष्टी आहेत: रोज साधारण तासभर मिळतो, क्लास शक्य नाही, फोटो बघून चित्र बरं जमतं पण समोरची वस्तू काढायला गेलं की बिघडतं, आणि गोष्टी झोकात सुरू होऊन मध्येच सुटतात. चित्र आणि गोष्ट दोन्हीकडे मूळ दुखणं बहुतेकांचं एकच असतं. समोर काय आहे ते न बघता डोक्यात तयार असलेलं उतरवणं. डोळा म्हटलं की बदामाचा आकार, दुःख म्हटलं की डबडबलेले डोळे. सराव करायचा तो ही सवय मोडण्याचा. नुसती पानं भरून ती मोडत नाही.

आधी चित्र. फोटो सोपा जातो, कारण कॅमेऱ्याने तुमचं अर्धं काम करून ठेवलेलं असतं: खोली असलेलं दृश्य एका जागेवरून, एका डोळ्याने सपाट केलेलं. समोरची वस्तू तुम्ही दोन डोळ्यांनी बघता आणि वर मान हलवत राहता, त्यामुळे दर खेपेला ती थोडी वेगळी दिसते. म्हणून खुर्ची हलू देऊ नका आणि माप घेताना एक डोळा मिटा. पेन्सिल हातात धरून हात पूर्ण लांब करा, कोपर ताठ. पेन्सिलीचं टोक वस्तूच्या वरच्या कडेला आणि अंगठा खालच्या कडेला लावून उंची घ्या, मग तेच माप आडवं धरून रुंदीत कितीदा बसतं ते बघा. कोपर वाकलं की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि सगळं माप चुकतं. नव्वद टक्के लोक इथेच घोटाळा करतात असं म्हणायचा मोह होतो, पण आकडा राहू द्या. स्वतःचं कोपर बघा, पुरे.

दुसरं कारण कागदाचं. वही टेबलावर आडवी ठेवून काढलं तर कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब पडतो आणि आखडलेला दिसतो. हात नकळत ते भरून काढतो, आणि वही उभी धरली की डोकी लांबट निघतात. फळी किंवा जाड पुठ्ठा मांडीवर घेऊन टेबलाच्या कडेला टेकवा. कागद नजरेला शक्य तितका काटकोनात यायला हवा.

सरावाला एक साधा कप घ्या. दिवा एकच, एका बाजूला. पहिली पंधरा मिनिटं फक्त आकार. कप, कानासकट, एकूण किती उंच आणि किती रुंद, तेवढी हलकी चौकट आखा. मग कान सोडून नुसत्या कपाच्या मधोमध उभा अक्ष. मग वरच्या तोंडाचं लंबवर्तुळ आणि बुडाचं लंबवर्तुळ, दोन्ही पूर्ण, जणू कप काचेचा आहे. चूक हमखास इथे होते. कप टेबलावर सपाट बसलाय हे माहीत असल्यामुळे हात बुडाची रेघ सरळ ओढतो. प्रत्यक्षात कप तुमच्या नजरेच्या पातळीखाली असेल तर बुडाची कड वाकलेली दिसते, आणि वरच्या तोंडापेक्षा जास्तच वाकलेली, कारण ती नजरेच्या पातळीपासून अधिक खाली असते. दुसरी चूक लंबवर्तुळाच्या दोन टोकांची. तिथे टोक निघत नाही, कितीही चपटं असलं तरी वळण गोलच राहतं. कानाचा आकार जमत नसेल तर कान सोडा आणि कान व कप यांच्यामधली रिकामी जागा काढा. त्या जागेला डोक्यात तयार आकार नसतो, म्हणून ती बिनचूक दिसते. खुर्चीचे पाय, कमरेवर ठेवलेला हात, झाडाच्या फांद्या, सगळीकडे ही युक्ती चालते.

मग छटा. डोळे किलकिले करा म्हणजे बारकावे पुसले जातात आणि फक्त उजेड व सावली असे दोन भाग उरतात. आधी सावलीचा सगळा भाग एकाच मध्यम छटेने भरा, कपाची सावली आणि टेबलावर पडलेली सावली एकत्र. त्यानंतरच गडद जागा शोधा. कप टेबलाला टेकतो तिथली बारीक फट बहुधा सगळ्यात गडद असते. सावलीच्या भागात टेबलावरून परतलेला उजेड दिसतो आणि तो फार उजळ वाटतो, पण तो शेजारच्या गडदपणामुळे. तो उजेडाच्या बाजूच्या छटांइतका पांढरा ठेवलात तर कपाची गोलाई मोडते.

साहित्यावर फार डोकं लावू नका. एचबी, टूबी आणि फोरबी किंवा सिक्सबी, या तीन पेन्सिली पुरतात. एच असलेल्या पेन्सिलींत मातीचं प्रमाण जास्त म्हणून त्या कडक आणि फिक्या, बी असलेल्यांत ग्रॅफाइट जास्त म्हणून त्या मऊ आणि काळ्या. कडक पेन्सिल दाबून आखलं की कागदावर चर पडते आणि नंतर तिथे काळी छटा भरत नाही, पांढरी रेघ उरते. गडद हवं म्हणून एचबी दाबत बसलात तर काळं न होता चकाकी येते. तिथे पेन्सिल बदला. बोटाने घासून छटा करू नका, बोटाचं तेल कागदात उतरतं आणि डाग निघत नाहीत. भराभर रेखाटनांना ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) साधा ए-फोर कागद चालतो. छायांकनाला १२० ते १५० जीएसएमचा, किंचित खरखरीत कागद घ्या, कारण पातळ कागदावर दोनदा खोडलं की धागे उभे राहतात.

रेघ केसाळ येते का? म्हणजे एका लांब रेघेऐवजी वीस तुटक रेघा? लिहिताना धरतो तशी पेन्सिल धरली की फक्त बोटं आणि मनगट हलतं, आणि त्यांचा पल्ला काही सेंटीमीटरच. पेन्सिल मागे धरा, मनगट स्थिर ठेवा, हात खांद्यातून फिरवा. कागदाला न टेकवता हवेत दोन-तीनदा तीच वाट फिरा आणि मग एकदाच ओढा. चुकली तर न खोडता शेजारी दुसरी ओढा. आठवडाभर रोज पाच मिनिटं एवढंच केलं तरी फरक पडतो.

माणसं काढायची असतील तर रोज दहा रेखाटनं तीस सेकंदांची आणि तीन-चार दोन मिनिटांची. घड्याळ लावून. वेळ कमी असल्यामुळे नाक-डोळ्यांत शिरता येत नाही, हाच फायदा. आधी डोक्यापासून भार असलेल्या पायापर्यंत एक रेघ, मग खांद्यांचा कल आणि कमरेचा कल. माणूस एका पायावर भार देऊन सैल उभा असेल तर त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं आणि त्याच बाजूचा खांदा बहुधा खाली येतो. हे दोन कल उलटे पडले की आकृती उभी राहते, समांतर काढले की पुतळा होतो. प्रमाणं तपासायला काही खुणा लक्षात ठेवा. मोठ्या माणसाच्या डोळ्यांची ओळ डोक्याच्या उंचीच्या साधारण निम्म्यावर असते. नवखे ती वर नेतात, कारण कपाळ आणि केसांकडे लक्षच नसतं. दोन डोळ्यांमध्ये सुमारे एका डोळ्याइतकं अंतर. पूर्ण उंची सात ते साडेसात डोकी, मध्य जांघेच्या आसपास. तळहात बोटांसकट जवळजवळ हनुवटीपासून कपाळापर्यंत पोचतो, त्यामुळे हात नेहमी वाटतात त्यापेक्षा मोठे काढा. ही मापं तपासायला आहेत. त्यांवरून माणूस रचू नका, नाहीतर सगळे चेहरे भाऊ-भाऊ दिसतील.

आता गोष्ट. मध्येच सुटते, कारण सुरुवातीला वातावरण असतं आणि पात्राला हवं काय ते ठरलेलं नसतं. लिहायला बसण्याआधी एक वाक्य लिहा: कोणाला, काय, कधीपर्यंत हवंय, आणि आडवं काय येतंय. उदाहरणार्थ, बहीण उद्या सकाळी कायमची परदेशी चालली आहे, त्याआधी तिचं पत्र आपणच फाडलं हे भावाला तिच्याकडे कबूल करायचंय, पण ती रात्रभर एकटी सापडत नाही. यात वेळ आहे, अडथळा आहे, गमावण्यासारखं काही आहे. 'एका एकाकी माणसाची गोष्ट' यात यातलं काहीच नाही, म्हणून ती तिसऱ्या पानावर बसते. प्रत्येक प्रसंगाखाली समासात दोन ओळी खरडा: प्रसंग सुरू होताना परिस्थिती काय होती, संपताना काय आहे. दोन्ही सारख्या असतील तर प्रसंग काढा किंवा त्यात काहीतरी बिघडवा.

पहिला खर्डा वीस-पंचवीस मिनिटांच्या बैठकीत, मागे न बघता. नाव आठवत नाही, तपशील माहीत नाही, तिथे फुली मारून पुढे जा. लिहिणं आणि दुरुस्त करणं एकाच बैठकीत केलं की पहिला परिच्छेद चाळीस वेळा घासला जातो आणि शेवट कधीच येत नाही.

वाक्यांच्या पातळीवर काय बघायचं त्याचा एक नमुना देतो. 'मीनाला खूप वाईट वाटलं. तिचं मन दुःखाने भरून आलं. खोलीत एक विचित्र शांतता पसरली होती.' तिन्ही वाक्यं कोणाच्याही गोष्टीत जशीच्या तशी बसतील. आता हे बघा: 'मीनाने पाच खुर्च्या मांडल्या. थोडा वेळ बघत उभी राहिली. मग एक उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली.' इथे भावनेचं नाव नाही, पण कोणीतरी येणार नाही हे वाचकाला कळतं. अर्थात प्रत्येक भावना अशी दाखवत बसलात तर गोष्ट हलणारच नाही. 'पुढचे दोन महिने ती त्याच्याशी बोलली नाही' एवढं सरळ सांगून पुढे जावं. महत्त्वाच्या क्षणी दाखवा, मधलं सांगून टाका.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे एक दोष आपल्याकडे फार दिसतो. 'खिडकी उघडी होती. बाहेर पाऊस पडत होता. तो टेबलापाशी बसला होता. समोर वही होती.' पानावरच्या वाक्यांचे शेवट अधोरेखित करा. ओळीने तीन-चार 'होता-होती' आले की थांबा. दोन वाक्यं जोडा: 'उघड्या खिडकीतून पावसाचे थेंब वहीवर उडत होते, तरी तो उठला नाही.' माहिती जवळजवळ तीच, पण आता काहीतरी घडतंय. क्रियापदं गाळून तुटक वाक्यांची माळ लावणं हा उपाय वाटतो, पण त्याचाही लगेच कंटाळा येतो.

संवादात माणसं एकमेकांना सरळ उत्तरं फारशी देत नाहीत. 'चावी कुठंय?' याला 'आज लवकर आलास' हे उत्तर आलं की दोघांत काहीतरी शिजतंय हे कळतं. 'चावी देणार नाही, कारण तू काल खोटं बोललास' असं म्हटलं की पुढे वाचायला काही उरत नाही. 'तू' वरून 'तुम्ही' वर किंवा उलट जाणं हे फार धारदार हत्यार आपल्या हाताशी आहे, जपून वापरा. बाकी 'म्हणाला' पुरतं. 'उद्गारला', 'उत्तरला' यांनी वाचक अडखळतो. एका प्रसंगात एकाच पात्राच्या नजरेतून बघा. गोष्ट तिच्या नजरेतून चालली असेल आणि 'तिच्या गालांवर लाली चढली' असं लिहिलंत तर ते तिने पाहिलं कुठून?

दुरुस्ती किमान दोन-तीन दिवसांनी, मोठ्याने वाचत. आधी प्रसंगांचा क्रम, मग वाक्यं, शुद्धलेखन अगदी शेवटी. पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून बघा. बऱ्याचदा गोष्ट तिथेच सुरू होते. 'अचानक', 'खूप', 'अतिशय', 'जणू काही' यांच्याभोवती गोल करा आणि प्रत्येक शब्द काढून वाक्य लंगडतं का ते पाहा.

दुसऱ्यांचं बघून काढणं-लिहिणं सरावापुरतं योग्यच आहे, फक्त आपलं म्हणून दाखवू नये. ट्रेसिंगने हात फारसा शिकत नाही. मूळ चित्र बघून हाताने काढा आणि मग पारदर्शक कागदावर उतरवलेलं मूळ त्यावर ठेवून कुठे घसरलात ते बघा. लेखनात आवडलेला परिच्छेद घ्या, त्यातलं प्रत्येक वाक्य काय काम करतं ते बाजूला लिहा आणि त्याच क्रमाने स्वतःच्या विषयावर लिहा.

तासाचे रोज दोन तुकडे करू नका. एक दिवस चित्र, एक दिवस लेखन असं आलटून पालटून ठेवा. चित्राच्या दिवशी दहा मिनिटं रेघा आणि झटपट रेखाटनं, चाळीस मिनिटं एकच वस्तू, उरलेली दहा तपासणीला: चित्र आरशात धरा किंवा उलटं करा, कललेल्या गोष्टी लगेच दिसतात. आठवड्याला एकच दोष पकडा, लंबवर्तुळ म्हणजे लंबवर्तुळच. गोष्ट कोणाला वाचायला दिलीत तर 'कशी वाटली' विचारू नका, 'छान' एवढंच उत्तर मिळेल. पेन्सिल द्या आणि जिथे वाचणं थांबवावंसं वाटलं तिथे खूण करायला सांगा. तो काय सुचवतो ते नंतर पाहा. आधी खुणेच्या दोन-तीन परिच्छेद मागे जाऊन शोधा, दोष बहुधा तिथे सापडतो.