‘फुल अँड फायनल’वर इतक्यात सही करू नका, ताई

तुमचे यजमान परदेशी झेंड्याच्या जहाजावर ऑइलर (इंजिनरूममधले कामगार) होते, बोटीवरच गेले, आणि त्यांना जहाजावर नोकरी लावणारा एजंट म्हणतोय, ‘फुल अँड फायनल’ पावतीवर, म्हणजे यापुढे काहीच मागणार नाही अशा कागदावर सही करा, आठवड्यात पैसे जमा होतील. ग्वाल्हेरला यातलं कळणारं कोणी नाही, असंही तुम्ही लिहिलंय. आम्ही इंदूरला, रामबागेत. 2019 मध्ये माझा धाकटा भाऊ असाच गेला. इथले वकील मोटार अपघाताच्या केसेस करणारे, जहाजाचं म्हटलं की गप्प व्हायचे.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी एजंटचा माणूस दिवाणावर येऊन बसला. चार इंग्रजी पानं, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली. आईने पेन हातात घेतलंसुद्धा होतं. वहिनी म्हणाली, आधी ह्यांचा करार बघू. तो भावाच्या ईमेलमध्ये सापडला. त्यातली रक्कम त्या चार पानांतल्या रकमेहून बरीच जास्त होती.

म्हणून आधी करार शोधा, नाहीतर एजंटकडे लेखी मागा. त्यात, किंवा त्यात उल्लेख असलेल्या युनियनच्या करारात, मृत्यूची भरपाई आकड्यांत दिलेली असते. बऱ्याच करारांत लहान मुलांसाठी वेगळी रक्कम असते. ही कोणाची मेहेरबानी नाही. 2006 चं मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, भारताने 2015 मध्ये स्वीकारलं. जानेवारी 2017 पासून लागू असलेल्या दुरुस्तीप्रमाणे जहाजमालकाला अशा भरपाईसाठी विमा किंवा तशीच हमी ठेवावीच लागते. तिचं प्रमाणपत्र जहाजावर लावलेलं असतं, बहुधा पी अँड आय क्लबचं, म्हणजे जहाजमालकांच्या विमा संघाचं. त्याची प्रत मागा, कारण वारसाला थेट तिथेच दावा करता येतो. कराराची रक्कम पूर्ण आणि विनाविलंब द्यायची, कमी घ्या म्हणून दबाव आणायचा नाही, हेही कन्व्हेन्शनमध्येच लिहिलंय.

खरी मेख पावतीत असते. मालकाच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला असेल, तर कराराच्या रकमेपलीकडे नुकसानभरपाई मागता येते. आधी मिळालेले पैसे त्यातून वजा होतात. ‘फुल अँड फायनल’वर सही केली की हा दावा अडकतो. कन्व्हेन्शनमध्येच पावतीचा नमुना आहे, त्यात हा हक्क राखून ठेवलेला आहे. तीच पावती द्या म्हणून अडून बसा. आम्ही अडून बसलो. पाच महिने लागले, पण पैसे कराराप्रमाणे आले.

जहाजाच्या लॉगबुकातली नोंद आणि पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट आत्ताच लेखी मागा. आपल्याकडच्या कर्मचारी भरपाईच्या तरतुदींनुसार खलाशाच्या मृत्यूचा दावा बातमी कळल्यापासून एका वर्षात करावा लागतो, आणि दुःखात वर्ष कसं सरतं ते कळत नाही. एजंट टाळाटाळ करू लागला तर मुंबईला डीजी शिपिंगकडे, म्हणजे सरकारच्या जहाजवाहतूक खात्याच्या कचेरीत तक्रार करा, त्याचं लायसन्स त्यांच्याच हातात असतं. यजमानांची युनियन असेल तर तिलाही कळवा. सीमेन्स प्रॉव्हिडंट फंडात (खलाशांच्या भविष्य निर्वाह निधीत) खातं असेल तर त्याचा अर्ज वेगळा.

आणि सासूबाई हयात असतील तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याही पहिल्या वर्गाच्या वारस आहेत, तुमच्या आणि मुलांच्या बरोबरीने. त्यांना आधीपासून सोबत घ्या. आमच्याकडे एजंटच्या माणसाने आईचीच सही मागितली होती.