निवडून आल्यावर आमदाराने मतदारांना नेमकं काय कळवायला हवं?

तुमचा प्रश्न असा आहे: निकालानंतर आमच्या आमदारांनी चौकाचौकात आभाराचे फलक लावले, मिरवणूक काढली आणि मग काहीच कळेनासं झालं. आमदाराने लोकांना काय सांगायला हवं, आणि आम्ही काय विचारायचं?

२०१४ ते २०२३ मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका आमदारांचा स्वीय सहायक होतो. लोक मला पीए म्हणायचे. निकालानंतर मतदारांना जाणारं पत्र दोन वेळा माझ्याच हातून लिहिलं गेलं. पहिल्या वेळी ते चुकलं, आणि त्या चुकीतूनच मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

१९ ऑक्टोबर २०१४ ला निकाल लागला. आठवड्याभरात आम्ही चार पानी रंगीत पत्रक छापून गावोगाव वाटलं. पहिल्या पानावर फोटो आणि आभार, आत 'मंजूर कामे' अशा मथळ्याखाली गावांची यादी. एका वाडीसमोर लिहिलं होतं, 'ओढ्यावरील पूल मंजूर'. खरं तर त्या पुलासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाला एक पत्र दिलं होतं, एवढंच. खर्चाचं अंदाजपत्रक नाही, प्रशासकीय मान्यता, म्हणजे काम आणि त्याचा खर्च सरकारने मान्य केल्याचा आदेश, नाही, पैशाचा पत्ता नाही. प्रचारात सगळे 'मंजूर' म्हणत होते, म्हणून मीही लिहून मोकळा झालो.

२०१७ च्या पावसाळ्यात त्या वाडीवरच्या एक आजी ऑफिसात आल्या. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटातून त्यांनी घडी घातलेलं पत्रक काढलं. घड्यांवर कागद विरला होता, पण त्या ओळीखाली निळ्या पेनाने रेघ मारलेली स्पष्ट दिसत होती. म्हणाल्या, "दादा, ह्यात लिवलंय पूल मंजूर म्हून. नातू वाचून दावतो. मग त्येचं दप्तर अजून डोक्यावर का? कमरंएवढ्या पाण्यातनं जातोय साळंला." त्या भांडायला आल्या नव्हत्या. कुणीतरी पूल अडवून धरलाय, असं त्यांना खरंच वाटत होतं आणि त्याचं नाव विचारायला त्या आल्या होत्या. पूल कुणीच अडवलेला नव्हता. तीन वर्षं त्या एका शब्दावर विसंबून थांबल्या होत्या आणि तो शब्द मी लिहिला होता.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की निवडून आलेल्या माणसाने प्रत्येक कामाचा टप्पा सांगावा. सरकारी काम एका दमात मंजूर होत नाही. आधी मागणी, मग जागेची पाहणी आणि अंदाजपत्रक, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, आणि मग कुठे खडी पडते. मोठा रस्ता किंवा पूल असेल तर त्याचं नाव अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत, म्हणजे वर्षाच्या मध्येच सरकार सभागृहाकडे मागतं त्या जादा खर्चाच्या यादीत, यावं लागतं. गावातली छोटी कामं बहुतेक 'पंचवीस-पंधरा'मधून, म्हणजे ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षातून (सरकारी हिशेबातल्या खर्चाच्या खात्यातून), नाहीतर जिल्हा नियोजनच्या पैशातून होतात. यातल्या कुठल्याही पायरीवर काम अडू शकतं, आणि राजकारणात प्रत्येक पायरीला 'मंजूर' म्हणायची पद्धत आहे. तुमच्या आमदारांनी हा शब्द वापरला तर शांतपणे एवढंच विचारा: प्रशासकीय मान्यतेचा आदेश निघाला का, त्याचा क्रमांक आणि तारीख काय?

दुसरं पत्र २०१९ चं. २४ ऑक्टोबरला निकाल लागला आणि सरकारच बनेना. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. आमदारांची शपथ झाली २७ नोव्हेंबरला, निकालानंतर तब्बल महिन्याने. त्याच दिवसांत अवकाळीने शेतं झोपवली होती. द्राक्षबागांत पाणी, काढून ठेवलेल्या सोयाबीनला कोंब. दिवसाला दोनशेच्या वर फोन यायचे, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: निवडून आलाय, मग पैसे कधी देताय?

बाकीची आमदार मंडळी तेव्हा बैठकांत आणि हॉटेलांत होती, आमचेही होतेच. पण त्यांनी एक रात्र मोकळी काढली आणि आम्ही एक पानी, काळ्या शाईतलं साधं पत्र तयार केलं. त्यात लिहिलं, की मी निवडून आलो आहे, पण माझी शपथ अजून झालेली नाही. संविधानाच्या १८८ व्या अनुच्छेदानुसार शपथ घेतल्याशिवाय मला सभागृहात बसता येत नाही, मत देता येत नाही. राज्यात आज मंत्रिमंडळ नाही. पंचनामे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करत आहेत, ते थांबलेले नाहीत. तुमच्या गावचा पंचनामा कोणत्या दिवशी आहे ते खाली दिलं आहे, त्या दिवशी शेतात हजर राहा, सातबारा आणि बँकेचं पासबुक सोबत ठेवा. १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी खरीप पिकांना हेक्टरी ८ हजार आणि फळबागांना हेक्टरी १८ हजार, २ हेक्टरच्या मर्यादेत, अशी मदत जाहीर केली. तेव्हा आम्ही दुसरं पान काढलं आणि झालेल्या नुकसानीच्या मानाने ही रक्कम अपुरी आहे, हेही त्यात स्पष्ट लिहिलं.

कार्यकर्ते नाराज झाले. "साहेब, आपणच आपली ताकद कमी करून सांगतोय." मलाही धाकधूक होती. पण पत्र गेलं तसा फोनचा सूर बदलला. फोन कमी झाले नाहीत. लोक आता विचारायचे, "आमच्याकडं मंगळवारी येणार होते, आले नाहीत, आता कुणाला भेटू?" याला उत्तर देता येतं. 'पैसे कधी' याला आमच्याकडे उत्तरच नव्हतं. माझ्या नऊ वर्षांतलं सगळ्यात उपयोगी पडलेलं पत्र ते, आणि त्यात केलेल्या कामाची एकही ओळ नव्हती.

आपल्या हातात काय नाही हे सांगायला पुढारी घाबरतात, पण लोकांचे सगळ्यात जास्त हेलपाटे तिथेच वाचतात. रोहित्र जळालं तर ते महावितरण बदलतं. शेताचा रस्ता कुणी अडवला तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दावा लावायचा असतो. आमदार या सगळ्यांना फोन करू शकतो, पाठपुरावा करू शकतो, पण आदेश त्याच्या सहीने निघत नाही. हे एकदा नीट लिहून दिलं की माणूस ऑफिसच्या बाकावर दिवस घालवण्याऐवजी थेट योग्य टेबलाशी जातो.

आमदार निधीचंही तसंच. 'आमदारांना कोट्यवधी मिळतात' असं सगळीकडे बोललं जातं. २०१४ साली हा निधी वर्षाला २ कोटी होता, २०२२ मध्ये तो ५ कोटींवर गेला. आमदाराच्या खात्यात त्यातला रुपयाही येत नाही. तो काम सुचवतो, मान्यता जिल्हाधिकारी देतात, पैसा यंत्रणेकडे जातो. आमच्या मतदारसंघात दीडशेच्या आसपास गावं. ५ कोटी सारखे वाटले तर गावाला सव्वातीन लाखांच्या थोडे वर येतात. तेवढ्यात एखादा गल्लीतला काँक्रीट रस्ता होतो. म्हणून दर वर्षी कोणत्या गावाला किती दिलं आणि का दिलं, याची यादी आमदाराने स्वतःहून लावली पाहिजे. ज्या गावांना या वर्षी काही नाही, त्यांची नावंही तिथेच हवीत.

आता ज्याविषयी आमच्या क्षेत्रात कुणी उघड बोलत नाही ते सांगतो. मतमोजणी झाली की कोणत्या बूथवर किती मतं पडली याचा आकडा लगेच हातात येतो. निवडणूक आयोगाच्या नमुना २० मध्ये तो केंद्रनिहाय असतो, आणि मोजणीच्या टेबलावरचे आपले प्रतिनिधी तो त्याच दिवशी टिपून आणतात. कुठल्या गावाने साथ दिली नाही, हे रात्री जेवायच्या आत कळतं. "त्या गावाला आता पाच वर्षं काही द्यायचं नाही" हे वाक्य मी दोन्ही वेळेला ऐकलं, तेही चांगल्या, राबणाऱ्या माणसांच्या तोंडून. एका गावात आम्हाला शंभरातली अकरा मतं होती. २०१९ ला आमचे आमदार पत्र घेऊन सगळ्यात आधी त्या गावात गेले. पारावर पंधरा-वीसच माणसं जमली, हार नाही, चहा नाही. ते म्हणाले, "तुम्ही मला मत दिलं नाही हे मला माहीत आहे. तुमचं काम माझ्याकडे आहे हे तुम्हाला माहीत असावं म्हणून आलो." एक म्हातारे उठले आणि त्यांनी स्मशानभूमीच्या शेडचा विषय काढला. शेड पुढच्या वर्षी झालं. मतं वाढली का, हे मी त्यानंतर कधी तपासलं नाही. तुमचं गाव विरोधात गेलेलं असेल आणि म्हणून तुम्ही विचारायला कचरत असाल, तर कचरू नका. निकाल लागला की आमदार सगळ्या मतदारसंघाचा, आणि हे त्याच्याकडून वदवून घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सभागृहातलं कामही लोकांना कळायला हवं. आपल्याकडे २८८ आमदार, आणि एकेकामागे सरासरी तीन लाखांवर मतदार. अधिवेशनात भाषण केलं की त्याची क्लिप लगेच फिरते. क्लिपपेक्षा मंत्र्यांनी काय उत्तर दिलं ते महत्त्वाचं. मंत्री 'तपासून घेऊ' म्हणाले की 'अमुक महिन्यात करू' म्हणाले, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ठाम शब्द दिला तर तो आश्वासन म्हणून नोंदला जातो आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) किती दिले, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचना) किती दिल्या, त्यातल्या किती लागल्या आणि उत्तर काय आलं, एवढं एका पानात मावतं. लागल्या नाहीत तर तसं लिहावं. लक्षवेधी देणारे शेकड्याने असतात, वेळ थोड्यांनाच मिळतो, यात लाजण्यासारखं काही नाही. विरोधी बाकावरच्या आमदाराला तर हे पान फार उपयोगी पडतं, कारण त्याच्या हातात प्रश्न विचारणं हेच मोठं साधन असतं.

तुम्ही काय विचारायचं? माझं ऐकाल तर एकच गोष्ट धरा: आमसभा. पंचायत समितीची वार्षिक आमसभा स्थानिक आमदारांच्या अध्यक्षतेखाली घ्यायची असते. तहसीलदार, गटविकास अधिकारी, बांधकाम, महावितरण, पाणीपुरवठा, कृषी, आरोग्य, सगळ्या खात्यांचे तालुक्याचे अधिकारी एका मंडपात बसतात आणि सामान्य माणूस माइक हातात घेऊन विचारू शकतो. उत्तर सगळ्यांसमोर द्यावं लागतं आणि त्याचं इतिवृत्त, म्हणजे लेखी नोंद, होतं. कित्येक तालुक्यांत ती वर्षानुवर्षं होत नाही, कारण अधिकाऱ्यांना ती नको असते आणि बऱ्याच आमदारांनाही. आमच्याकडे पहिल्या पाच वर्षांत ती एकदाच झाली, याची टोचणी मला अजून आहे. नंतर दर वर्षी घेतली. त्यातली पहिली सभा सकाळी अकराला सुरू झाली ती दिवेलागणीपर्यंत चालली. त्या आजी तिथे होत्या. नातवाने माइकवर पुलाचं विचारलं आणि उपअभियंत्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, की अंदाजपत्रकच तयार झालेलं नाही. खरी माहिती वाडीला पाच वर्षांनी तिथे मिळाली. त्यानंतर दोन महिन्यांत अंदाजपत्रक झालं आणि आम्ही वाडीला पत्र धाडलं: 'पुलाचं अंदाजपत्रक झालं आहे. पैसे मंजूर झालेले नाहीत. पुरवणी मागण्यांत नाव घालण्यासाठी प्रयत्न चालू आहे. नाव आलं नाही तर तेही कळवू.' पहिल्या वेळी आलं नाही, तेही कळवलं. दुसऱ्या वेळी आलं.

तेव्हा एक साधा अर्ज लिहा, गावातल्या दहा-बारा जणांच्या सह्या घ्या. अर्जात दोनच मागण्या ठेवा: या वर्षीच्या आमसभेची तारीख, आणि आमदार निधीतल्या कामांची गावनिहाय यादी, प्रत्येक काम कोणत्या टप्प्यावर आहे त्यासह. एक प्रत आमदारांच्या ऑफिसात, एक गटविकास अधिकाऱ्यांकडे. यादी मिळाली नाही तर माहिती अधिकारात जिल्हा नियोजन कार्यालयाकडे १० रुपये भरून मागता येते, उत्तराची मुदत ३० दिवसांची. आमदारांच्या निवडणूक खर्चाचा हिशेबही निकालापासून ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, तो पाहायचा असेल तर तिथे पाहायला मिळतो.

अर्ज नुसता टेबलावर ठेवून येऊ नका. आवक क्रमांक घाला म्हणावं, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेऊनच बाहेर पडा. ऑफिसात माझ्यासारखा कुणीतरी बसलेला असतो. त्याला शिक्क्याच्या कागदाला उत्तर द्यावंच लागतं.